पाचपैकी पाच

जिला बापाकडून आयुष्यात कधी पैकीच्या पैकी गुण मिळाले नाहीत, तिने बापाला मात्र पहिल्याच फटक्यात पाचपैकी पाच देऊन टाकले. आणि तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं.

कारण या परीक्षेचा न्याय उलटा होता. इथे गुण जितके जास्त, तितकं नशीब खोटं. ही परीक्षा तिनेच बसवली होती. हृदयाची एखादी रक्तवाहिनी पूर्ण बंद पडून वर्षं झाली असतील, तर ती तार घालून उघडेल की नाही, हे आधीच सांगता यावं म्हणून तिने अँजिओग्राफीच्या जुन्या फिल्म डोळे लाल होईपर्यंत पाहिल्या होत्या आणि पाच प्रश्न काढले होते. वाहिनी जिथे बंद पडली ते तोंड बोथट आहे का? आत चुना जमलाय का? वाट वाकडी आहे का? बंद भाग लांब आहे का? आणि आधी कुणी प्रयत्न करून हरलंय का? प्रत्येक ‘हो’ला एक गुण. एखादाच गुण आला तर काम हसतखेळत होतं. तीन आले तर अख्खी सकाळ राखून ठेवायची. चार किंवा पाच आले तर हातच लावायचा नाही, औषधांवर भागवायचं. तिची ही परीक्षा आता लांबलांबच्या दवाखान्यांतही वापरत. कॅथलॅब म्हणजे तारा घालायची खोली; तिथले लोक तिला मागून ‘परीक्षकबाई’ म्हणत. ते तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

तिने एक नियमही घालून दिला होता, आणि तो पाचही प्रश्नांहून कडक होता. ज्याच्या हातात तार, त्याने गुण द्यायचे नाहीत. जो पेशंटचा नातेवाईक, त्याने तर फिल्मच्या खोलीत पाऊलही टाकायचं नाही. तार धरणाऱ्याला आशा फार, नातेवाइकाला भीती फार. दोघांचीही मोजपट्टी ताणली जाते. म्हणून तिसऱ्याच दोघांनी वेगवेगळं बसून फिल्म पाहायची, आपापला आकडा पांढऱ्या फळ्यावर लिहायचा, आणि ज्याचा अंदाज चुकेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. एकदा खुद्द विभागप्रमुखांनी मेव्हण्याची फिल्म बघायला हळूच खुर्ची पुढे ओढली, तर तिने त्यांच्या तोंडावर मॉनिटर बंद केला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते काही उगीच नाही.

तिचे वडील म्हणजे शहराच्या जलतरण तलावावरचे मास्तर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण निवृत्ती त्यांनी फक्त कागदावर मान्य केली होती. गळ्यात शिट्टी अडकवून ते रोज सकाळी तलावावर हजर होत आणि उतारवयात पोहायला शिकणाऱ्यांचा वर्ग घेत. गुडघे कुरकुरणारे, पोटं सुटलेले, पाण्याला भिणारे, सगळे तिथे येत. प्रत्येकाला मास्तर दर आठवड्याला गुण देत आणि कुणालाही आठाच्या वर चढू देत नसत. “दहा देवाचे, नऊ माझे, उरलेल्यात तुम्ही भागवा,” हे त्यांचं ठरलेलं. पोटच्या पोरीला तर त्यांनी सातावरच अडकवून ठेवलं होतं, कारण वळताना तिचा पाय भिंतीला नीट लागत नसे. एके दिवशी ती वैतागून पाण्याबाहेर आली, ती पुन्हा तलावात उतरली नाही. थेट मेडिकल कॉलेजात जाऊन बसली, असं आत्या सांगते.

आत्या म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण. दोघं भावंडं एकाच घरात राहत आणि सकाळच्या पहिल्या कपापासून भांडत. आत्याही मोठेपणीच पोहायला शिकली होती. तिलाही आठच मिळाले होते आणि ते ती अजून विसरली नव्हती.

तर अशा या मास्तरांना अर्धा तलाव पोहलं की छातीवर कुणी फरशी ठेवावी तसं होऊ लागलं. मग पाव तलाव. मग बुटाची नाडी बांधतानासुद्धा. गोळ्या वाढवून झाल्या, बदलून झाल्या. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात त्यांची बंद वाहिनी उघडायला घेतली होती, पण तार भिंत फोडून बाहेर गेली, हृदयाभोवती रक्त साचलं आणि सगळं अर्ध्यावर सोडावं लागलं. त्या दिवशी लेकीने बापाचा चेहरा राखेच्या रंगाचा पाहिला. परक्यांच्या हृदयात ती रोज बिनधास्त शिरायची, पण तो रंग तिला पुन्हा पाहायचा नव्हता.

म्हणून मास्तर जेव्हा म्हणाले, “आता तूच बघ काय ते,” तेव्हा तिने त्या वेळची जुनी फिल्म काढली, खोलीचं दार लावलं आणि एकटीने पाच प्रश्न सोडवले. दुसऱ्या कुणाला दिली तर तो भिडेखातर हात सैल सोडेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पाचही उत्तरं ‘हो’ आली.

संध्याकाळी ती वडिलांच्या घरी गेली. मास्तर खुर्चीत ताठ बसले होते, निकाल ऐकायला बसावं तसे.

“किती?” त्यांनी विचारलं.

“पाच.”

“कितीपैकी?”

“पाचपैकी.”

मास्तरांचा चेहरा फुलला. “ऐकलंस का गं?” त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने आवाज दिला. “पैकीच्या पैकी! तुला जन्मात मिळाले नाहीत!”

आत्या पदराला हात पुसत बाहेर आली आणि भाचीचा चेहरा पाहून दारातच थांबली. मग लेकीला सगळं उलगडून सांगावं लागलं. वाहिनी उघडायची नाही. औषधं चालू ठेवायची. जिना, ओझं, पोहणं, सगळं बंद.

“पाण्यात उतरायचंच नाही?”

“नाही.”

“कमरेपर्यंतसुद्धा?”

“बाबा.”

मास्तर उठले. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. घरी परतताना लेकीला सुटल्यासारखंही वाटलं आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाजही वाटली. आता निदान बाप जिवंत राहील, एवढंच ती मनाला बजावत राहिली.

पुढच्या पंधरवड्यात आत्या थेट कॅथलॅबच्या दारात येऊन उभी राहिली. हातात पोहण्याची पिशवी तशीच; तलावावरून परस्पर आली होती.

“तो माझ्याशी भांडत नाहीये,” आत्या म्हणाली.

“मग बरंच आहे की.”

“बरं काय? काल भाजीत मीठ घालायचं विसरले मी, तर मुकाट्यानं गिळली! परवा मी मुद्दाम म्हटलं, तुझ्या वर्गातले सगळे बेडकासारखे पोहतात. तर म्हणतो, असेल बाई. अगं, दादा ‘असेल’ म्हणाला! त्याचं हृदय चालू ठेवून तू माणूस बंद पाडलास की गं.”

हे सगळं शेजारी उभा असलेला एक डॉक्टर ऐकत होता. तो तिचा जुना विद्यार्थी, आणि आता बंद वाहिन्या उघडण्यात त्याचा हात धरणारा दवाखान्यात कुणी नव्हतं. इतका सावकाश काम करायचा की सगळे त्याला तोंडावर ‘गोगलगाय’ म्हणत आणि तो ओ देत असे. पण त्याने उघडलेली वाहिनी सहसा पुन्हा रुसत नसे.

“मॅडम, तुमच्या वडिलांची फिल्म कुणी तपासली?” त्याने विचारलं.

“मी.”

“आणि दुसरा आकडा कुणाचा?”

“दुसरा नाही.”

गोगलगायीने कान खाजवला. “मग हे गुणच नव्हेत. नातेवाइकाचे गुण आपण धरत नाही.”

ती उखडली. “मला डोळे आहेत. फिल्म वाचायला तुला कुणी शिकवलं?”

“तुम्हीच. म्हणून तर विचारतो. त्या फिल्ममध्ये डाय दोन्हीकडून सोडला होता का?”

आता हा प्रश्न म्हणजे तिच्याच वर्गातला पहिला धडा होता. बंद वाहिनीच्या पलीकडच्या भागाला दुसऱ्या बाजूच्या वाहिनीकडून बारीक गल्लीबोळांतून रक्त पोचत असतं. डाय, म्हणजे वाहिन्या फिल्मवर दाखवणारा द्रव, फक्त पुढून सोडला तर तो बंद तोंडापाशी थांबतो आणि त्यापुढे सगळा अंधार दिसतो. त्या अंधारातलं खरंच बंद किती आणि नुसतं न उजळलेलं किती, हे कळायचं असेल तर दोन्हीकडून एकदम डाय सोडून फिल्म काढावी लागते. नाहीतर मोजणारा सगळा अंधारच बंद समजून मोजतो. दरवर्षी नव्या मुलांना ती हे दोनदोनदा बजावायची.

जुन्या दवाखान्यातली फिल्म एकाच बाजूची होती. ते तिला पहिल्या क्षणी दिसलंही होतं, आणि तरी तिने मोजपट्टी लावली होती, अंधाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. नवी फिल्म काढायची म्हणजे बाप पुन्हा त्या टेबलावर, आणि पुन्हा तो राखेचा रंग. मन चिंती ते वैरी न चिंती. तिचे कान तापले.

“नव्हता,” ती म्हणाली.

गोगलगाय शहाणा. त्याने नुसती नव्या फिल्मच्या तारखांची वही उघडली. आत्यालाच काय ते उमगलं, कारण ती पिशवी खांद्याला लावत म्हणाली, “मग दादाला घेऊन कधी येऊ?”

नव्या फिल्मच्या दिवशी ती सवयीने मॉनिटरच्या खोलीकडे वळली, तर कॅथलॅबच्या जुन्या सिस्टर दारात आडव्या उभ्या. “मॅडम, नातेवाईक बाहेर,” त्या म्हणाल्या. हे वाक्य म्हणायला त्यांनी किती वर्षं वाट पाहिली होती देव जाणे. चेहऱ्यावरून तरी बरीच. परीक्षकबाई निमूट बाहेर आल्या आणि नातेवाइकांच्या बाकावर बसल्या. बाकाचा एक पाय आखूड होता. रोज त्या बाकासमोरून जायची ती, पण तो डुगडुगतो हे तिला पहिल्यांदाच कळलं.

आत दोघांनी वेगवेगळी फिल्म पाहिली. फळ्यावर आकडे लागले: तीन आणि तीन. मागून उजेड पडल्यावर तो एवढा मोठा अंधार आकसून नखाएवढा झाला होता. बोथट वाटणारं तोंड दुसऱ्या कोनातून पाहिलं तर निमुळतं निघालं. वाकडी वाट, चुना आणि जुनी हार एवढं मात्र खरंच होतं.

“पाचाचे तीन?” मास्तरांनी वॉर्डात विचारलं. “कुठं कमी पडलो?”

“कमी नाही, पुढे गेलात. या परीक्षेत असंच असतं.”

“जमेल?”

एरवी ती आकडा तोंडावर फेकून मोकळी झाली असती. “माझ्या हिशोबाने बहुतेकांना जमतं. सगळ्यांना नाही,” ती म्हणाली. “मला भीती वाटते, बाबा. फार वाटते.”

मास्तरांनी तिचा हात आपल्या हातात घेतला. असं ते सहसा करत नसत. “भित्र्यांचाच वर्ग घेतो मी इतकी वर्षं,” ते म्हणाले. “पहिल्या दिवशी त्यांना कठडा सोडा म्हणत नाही मी. एक हात सोडा म्हणतो. तू एक हात सोड. दुसऱ्याचं पुढं बघू.”

ठरल्या दिवशी सकाळी मास्तर आत गेले, दारावरचा लाल दिवा लागला, आणि आत्या व भाची त्या डुगडुगत्या बाकावर बसल्या. ज्याला काही कळत नाही तो देवाचं नाव घेत बसतो. जिला सगळं कळतं तिला प्रत्येक वळणावर काय काय बिघडू शकतं ते दिसत राहतं. आत आता तार कुठे असेल, तिथून ती मनातल्या मनात तिला पुढे सरकवत होती.

बऱ्याच वेळाने सिस्टर बाहेर आल्या. “पुढून जात नाहीये. दर वेळी वळणावर भिंतीत शिरते. सर मागे घेतायत.”

ती ताडकन उठली. भिंतीत. मागच्या वेळीही भिंतीतच शिरली होती. “थांबवा म्हणावं त्याला,” ती म्हणाली. तिने नुसता शब्द टाकला असता तरी आतलं सगळं थांबलं असतं. ते तिला माहीत होतं, सिस्टरांनाही माहीत होतं. सिस्टर दाराला हात लावून उभ्या राहिल्या.

आत्याने भाचीचं मनगट पकडलं. पोहून पोहून तिची पकड लोखंडी झाली होती. “आत्ता इथं तू कोण आहेस?”

“आत्या, तुला कळत नाही, तिथं जर…”

“मला नाहीच कळत. मी विचारते, तू कोण आहेस?”

आत्याच्या पायाशी मास्तरांचे बूट होते. नाड्या तशाच बांधलेल्या; हल्ली ते त्या सोडतच नसत, बूट तसेच ओढून काढत. ती बुटांकडे बघत राहिली.

“नातेवाईक,” ती शेवटी म्हणाली.

“मग बस.”

ती बसली. आयुष्यात इतकं अवघड काम तिने केलं नव्हतं. सिस्टर आत गेल्या.

गोगलगायीने पुढची वाट सोडली होती आणि मागची धरली होती. दुसऱ्या बाजूच्या वाहिनीतून शिरायचं, त्या केसासारख्या गल्लीबोळांतून हळूहळू पलीकडे निघायचं आणि बंद दाराला आतल्या बाजूने धडक द्यायची. हे घाईच्या माणसाचं काम नव्हे. त्या दिवशी त्या माणसाच्या गोगलगाय असण्याचं सोनं झालं.

या कॅथलॅबमध्ये आणखी एक शिस्त होती. तार पलीकडे पोचली असं कितीही वाटलं तरी ‘गेली’ हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. वाहिनी फुगवून, आधाराची जाळी बसवून, डाय वरपासून खालपर्यंत भरून वाहताना डोळ्यांनी पाहिला, की मगच. कारण एकदा कुणी उतावीळपणे ‘गेली’ म्हणून ओरडला होता आणि तार निघाली होती भलतीकडेच. तेव्हापासून तो शब्द तिथे देवघरातल्या भांड्यासारखा जपून वापरत.

लाल दिवा विझला. दार उघडून गोगलगाय स्वतः बाहेर आला. अंगात तो जड एप्रन, कपाळावर टोपीचा वळ, आणि चाल नेहमीचीच संथ.

“अरे, बोल की बाबा लवकर!” आत्या कडाडली.

“गेली,” तो म्हणाला.

परीक्षकबाई भर कॉरिडॉरमध्ये मोठमोठ्याने रडल्या. कोण बघतंय, कोण नाही, याची त्यांना फिकीर नव्हती. आत्या तर स्ट्रेचर ढकलत निघालेल्या अनोळखी माणसाला अडवून सांगू लागली, “आमची उघडली! मागच्या दारानं शिरून उघडली!” त्यानेही हात जोडून “वा वा” म्हटलं. विभागप्रमुख चौकशीला आले, त्यांनाही आत्याने तेच सांगितलं.

मग तिला आत सोडलं. मॉनिटरवर ती वाहिनी पुन्हा पुन्हा भरून वाहत होती, जाडजूड, सलग, अगदी खालच्या फांद्यांपर्यंत. मेली म्हणून तिने जिच्यावर पाणी सोडलं होतं तीच ही. टेबलावरून मास्तरांचा आवाज आला. “फरशी उचलली बरं का कुणीतरी.” त्यांचा चेहरा पिवळट होता, थकलेला होता, पण राखेचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी चहा तिने पाजला. अंदाज तिचाच चुकला होता. सगळ्या विभागाला, वॉर्डबॉयपासून प्रमुखांपर्यंत, आणि गोगलगायीला दोन कप. मग फळ्यावर पाच प्रश्नांच्या वर तिने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली: ‘आधी हे सांगा, डाय दोन्हीकडून सोडला का?’ जिथे जिथे तिची परीक्षा वापरत, तिथे तिथे तिने ती ओळ कळवली, आणि कशामुळे सुचली तेही लपवलं नाही.

मास्तरांना आधी चालायची परवानगी मिळाली, मग जिन्याची, मग एका सकाळी तलावाची. खिळ्यावरची शिट्टी त्यांनी काढली, पण तलावावर पोचल्यावर ती आत्याच्या हातात दिली. अख्खा वर्ग कठड्याला धरून रांगेत उभा होता. 

मास्तर पाण्यात उतरले आणि निघाले. लेक काठाकाठाने त्यांच्या बरोबरीने चालू लागली. पाव तलाव झाला. मध्यावर काठाची एक फरशी फुटलेली होती. आजारपणात नेमकं तिथे येऊन ते थांबायचे आणि छातीला हात लावायचे. ती फरशी जवळ आली तशी तिची पावलं मंदावली. मास्तर फरशीपाशी आले, फरशी मागे पडली, ते गेलेच पुढे. पलीकडच्या भिंतीला पाय लावून वळले आणि परत निघाले. तेव्हा वर्गातल्या सगळ्यांनी जो गलका केला त्याने तलावाचा पहारेकरी आतून धावत आला.

मास्तरांनी कठडा धरला. धाप लागली होती, पण नुसतीच धाप. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा वर केला आणि लेकीकडे पाहिलं.

“किती?”

तिच्या ओठांवर दहा आले होते. तिने ते गिळले. “मला देता येत नाहीत,” ती म्हणाली. “मी नातेवाईक आहे.”

आत्या खो खो हसत सुटली. मास्तर मात्र हसले नाहीत. पाण्यात उभे राहून ते बराच वेळ लेकीकडे बघत राहिले, काहीतरी जुनं तपासून पाहत असल्यासारखे.

“नातेवाइकाचे गुण धरत नाहीत?”

“नाही धरत.”

“मग तुझे ते सात रद्द,” मास्तर म्हणाले. “चल. ये आत.”

तिने चपला काढल्या, मोबाइल काठावर ठेवला आणि होती त्या कपड्यांनिशी पाण्यात उडी घेतली. असं करायला तलावावर सक्त मनाई होती. शिट्टी आत्याच्या हातात होती, पण तिने ती वाजवली नाही.